मदतीला निघालेल्यांना थांबवणारी भाषाशाळा : क्वेर्नावाका, १९६१ ते १९७६

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला मोरेलोस राज्याची राजधानी आहे, क्वेर्नावाका. १९६१ साली तिथल्या चुलाविस्ता नावाच्या हॉटेलची इमारत भाड्यानं घेऊन स्पॅनिशचे निवासी वर्ग सुरू झाले. शिकायला आलेले लोक अमेरिका आणि कॅनडातले होते : कॅथलिक पाद्री, नन, आणि लॅटिन अमेरिकेत सेवा करायची म्हणून घरदार सोडून निघालेले साधे स्वयंसेवक. चार महिने भाषा शिकायची, तिथल्या समाजाची ओळख करून घ्यायची आणि मग पेरू, बोलिव्हिया, ग्वातेमाला, जिथे पाठवतील तिथे जायचं. संस्थेचं नाव होतं सेंत्रो इंतरकुल्तुराल दे फोर्मासिओन, म्हणजे आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण केंद्र. पाठीशी न्यूयॉर्कचं फोर्डहॅम विद्यापीठ होतं आणि अमेरिकेतल्या चर्चचा पैसा होता. संचालक होते पस्तिशीला टेकलेले एक पाद्री, इव्हान इलिच.

शाळेचं ठरलेलं काम स्वयंसेवक तयार करण्याचं. पण शाळा चालवणाऱ्यांचंच मत असं होतं की यातल्या बहुतेकांनी जाऊच नये. पंधरा वर्षं ही शाळा या पेचात राहिली, आणि दर दोन-तीन वर्षांनी तिनं त्यातून वेगळा मार्ग काढून पाहिला.

हे प्रकरण मी निवडलं त्याला कारण आहे. भाषा शिकवणं, संस्कृतीची देवाणघेवाण आणि समाजसेवा हे तीन शब्द भाषाशाळांच्या माहितीपत्रकांत एका दमात येतात. सकाळी वर्ग, दुपारी जवळच्या वस्तीत स्वयंसेवा, संध्याकाळी गप्पा. कागदावर तिघांचं छान जमतं. क्वेर्नावाकात ते एकमेकांवर घासले, आणि ती घासाघीस झाकून न ठेवता चव्हाट्यावर मांडण्याचं धैर्य तिथल्या लोकांनी दाखवलं.

हार्लेममधली पोरं

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. इलिच मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १९२६. वडील दाल्मेशियाचे, आई ज्यू कुटुंबातली. घरात लहानपणापासून तीन-चार भाषा. १९५१ मध्ये पाद्री झाल्यावर ते न्यूयॉर्कला आले आणि मॅनहॅटनच्या उत्तर भागातल्या एका चर्चमध्ये काम करू लागले. तिथे पोर्टो रिकोहून आलेल्या कुटुंबांची वस्ती झपाट्यानं वाढत होती. चर्चमधल्या आयरिश वळणाच्या मंडळींना ही माणसं उपरी वाटायची. त्यांची भाषा येत नव्हती आणि शिकण्याची निकडही कुणाला वाटत नव्हती.

१९५६ मध्ये मात्र न्यूयॉर्कच्या महाधर्मप्रांताला काहीशे पाद्री, शिक्षक आणि समाजसेवकांना घाईनं स्पॅनिश शिकवण्याची गरज पडली. पुढे जे झालं ते इलिच यांनी स्वतः नोंदवून ठेवलंय. त्यांचे मित्र गेरी मॉरिस यांनी एका स्पॅनिश रेडिओवर जाहीर केलं की हार्लेममधली स्पॅनिश बोलणारी माणसं हवीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कचेरीसमोर दोनशेच्या आसपास किशोरवयीन मुलं रांगेत उभी होती. त्यातली चार डझन निवडली. कित्येकांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली. हातात दिलं अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी बनवलेलं स्पॅनिशचं पुस्तक, जे भाषाशास्त्राचं उच्च शिक्षण घेतलेल्यांनीच शिकवावं अशा हिशेबानं लिहिलेलं होतं. आठवडाभराच्या तयारीनंतर प्रत्येक पोरगा किंवा पोरगी चार मोठ्या माणसांना शिकवू लागली. सहा महिन्यांत काम फत्ते. न्यूयॉर्कचे आर्चबिशप कार्डिनल स्पेलमन यांना सांगता येऊ लागलं की १२७ चर्चांमध्ये किमान तीन-तीन माणसं स्पॅनिशमध्ये बोलू शकतात.

इलिच यांनी यातून पुढे शिक्षणपद्धतीबद्दलचा मुद्दा काढला : कौशल्य शिकवायला पदवी लागत नाही. मला यात दुसरंच काही दिसतं. या वर्गात खुर्च्यांची अदलाबदल झाली. ज्या पोरांचं 'काहीतरी भलं करायला हवं' असं ठरलेलं होतं, ती शिक्षक झाली. जे भलं करणारे होते, ते तोंड वेडंवाकडं करून उच्चार गिरवत बसले. मदत करणारा कोण आणि घेणारा कोण, याचं उत्तर त्या तासापुरतं उलटं झालं. क्वेर्नावाकात पुढे जे घडलं त्याचं बी मला इथे दिसतं.

त्यानंतर इलिच पोर्टो रिकोतल्या पोन्से इथल्या कॅथलिक विद्यापीठात उपकुलगुरूसारख्या पदावर गेले. न्यूयॉर्कच्या पाद्र्यांना तिथे बोलावून स्पॅनिश आणि तिथलं जगणं शिकवणारी संस्था त्यांनी काढली. त्या काळात शिकणाऱ्यांसमोर त्यांनी मौनावर एक चिंतन मांडलं. भाषेत शब्दांइतकीच शांतताही अर्थ वाहते, आणि परक्या भाषेचे ध्वनी शिकण्यापेक्षा तिची मौनं शिकणं अवघड असतं, हा त्याचा गाभा. गावात नव्यानं आलेला माणूस समोरच्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावतो. बहुतेक वेळा त्याला त्यात होकारच ऐकू येतो.

दहा टक्क्यांची हाक

१९६१ हे वर्ष मदतीच्या उत्साहाचं होतं. मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी परदेशात स्वयंसेवक पाठवणारं सरकारी पीस कोअर सुरू केलं, त्याच महिन्यात लॅटिन अमेरिकेसाठी 'प्रगतीची आघाडी' ही मदत-योजना जाहीर केली. ऑगस्टमध्ये रोमच्या वतीनं मोन्सिन्योर कासारोली यांनी अमेरिकेतल्या धर्मसंघांना आवाहन केलं की दहा वर्षांत आपल्या सभासदांपैकी दहा टक्के लॅटिन अमेरिकेत पाठवा. पाद्री, ब्रदर आणि नन मिळून अमेरिकेत तेव्हा सव्वादोन लाखांहून अधिक माणसं होती. म्हणजे वीस हजारांहून जास्त परदेशी मदतनीस, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना स्पॅनिशचं एक वाक्य धड येत नव्हतं.

क्वेर्नावाकाची शाळा या लाटेसाठी उघडली. बिशप सेर्खिओ मेन्देस आर्सेओ यांनी आपल्या धर्मप्रांतात तिला जागा दिली. इलिच यांना मात्र ही लाटच नको होती. आपण ही शाळा लोकांना तयार करण्याइतकीच त्यांना परावृत्त करण्यासाठी काढली, हे त्यांनी नंतर लपवलं नाही. वर्ग कडक होते, प्रश्न बोचरे होते, आणि पहिल्याच तुकडीतले बरेच जण अभ्यासक्रम पुरा न करता परत गेले.

वर्गात काय होतं

हार्लेमची रीत इथेही आली : बाहेरचे पदवीधर नव्हे तर गावातलेच स्पॅनिशभाषक शिक्षक, तीन-चार जणांचा गट आणि व्याकरणाच्या व्याख्यानाऐवजी अखंड तोंडी सराव. अशा सरावाचा एक तुकडा जवळून पाहू. उदाहरण माझं आहे, पद्धत तीच.

शिक्षिका म्हणते, 'एस्तोय कान्सादो.' मी थकलोय. चौघे एकेक करून म्हणतात. मग ती नुसता एक शब्द टाकते, 'एया', म्हणजे 'ती'. ज्याच्याकडे बोट, त्यानं क्षणात पूर्ण वाक्य फिरवायचं : 'एया एस्ता कान्सादा.' पुढचा शब्द 'नोसोत्रोस', आम्ही. 'एस्तामोस कान्सादोस.' चुकलं की पुन्हा. विचार करायला वेळ घेतला की पुन्हा. पन्नाशीचा, परिषदा गाजवलेला धर्मगुरू इथे 'ती थकली' एवढं म्हणताना अडखळतो, आणि गावातली एक तरुणी शांतपणे त्याला तेच वाक्य दहाव्यांदा म्हणायला लावते.

मग येतात भाषेतल्या खाचाखोचा. इंग्रजीत 'असणं' हे एकच क्रियापद, स्पॅनिशमध्ये दोन. 'एस्तोय आबुर्रीदो' म्हणजे मला कंटाळा आलाय. 'सोय आबुर्रीदो' म्हणजे मी माणूसच कंटाळवाणा आहे. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखं तिकडे 'तू' आणि 'उस्तेद'. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, इंग्रजीभाषकाला महिनोन् महिने उमजत नाही की आपण शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्याला एकेरीत हाक मारतोय आणि तो आपल्याला आदरार्थी उत्तर देतोय. मेक्सिकोत नीट ऐकू आलं नाही तर 'मांदे?' म्हणतात. शब्दशः अर्थ 'आज्ञा करा'. 'आओरिता' म्हणजे शब्दकोशात 'आत्ता'. बोलण्यात ते आत्ता असेल, तासाभरानं असेल किंवा कधीच नसेल. आणि 'सी, कोमो नो', म्हणजे 'हो, का नाही', हे पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणूनही म्हटलं जातं.

आता या माणसाला गावात पाठवा. तो विचारतो, इथे दवाखान्याची खोली बांधू का? समोरून 'सी, कोमो नो'. कधी सुरू करूया? 'आओरिता.' तो विटा मागवतो. गावानं त्याला नकार दिलेला असतो, त्यांच्या रीतीनं, सभ्यपणे. त्याला तो ऐकूच आलेला नसतो.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. स्वयंसेवकाला किती भाषा यायला हवी, या प्रश्नाला शाळा सहसा पातळ्यांमध्ये उत्तर देतात : बाजारहाट करता आली, ओळख करून देता आली, मुलांना गोष्ट सांगता आली की झालं. हे सगळं त्याच्या बोलण्याचं मोजमाप झालं. मोजायला हवं ते त्याचं ऐकणं. समोरच्याचा नकार, तोही हो म्हणून दिलेला, कळण्याइतकी भाषा आली का? ती येईपर्यंत तो विद्यार्थी आहे. त्याला कुठल्याही वस्तीत 'मदतनीस' म्हणून उभं करणं ही वस्तीची फसवणूक आहे, मग शाळेचा हेतू कितीही शुद्ध असो.

शाळा उघड बोलू लागते

पाच-सहा वर्षं हे सगळं वर्गाच्या भिंतींच्या आत चाललं. जानेवारी १९६७ मध्ये इलिच यांनी 'अमेरिका' या, जेझुइट नावाच्या कॅथलिक संघाच्या साप्ताहिकात लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा भावार्थ : परोपकाराची उलटी, शिवणी दिसणारी बाजू. त्याच सुमारास अमेरिका खंडातल्या कॅथलिक सहकार्याची मोठी परिषद बॉस्टनमध्ये भरत होती, त्यामुळे लेख नेमका वर्मी लागला. त्यांनी आकडा मांडला : पाच वर्षांत लॅटिन अमेरिकेतल्या अमेरिकन पाद्री-ननांची संख्या वाढली ती अवघी १,६२२ नं. म्हणजे हाक फसली होती. पण त्यांचं म्हणणं असं की जेवढे गेले त्यांनीही तिथल्या चर्चला परक्या पैशाची आणि परक्या माणसांची सवय लावली. स्थानिक लोकांनी आपल्या ऐपतीत, आपल्या पद्धतीनं काही उभं करण्याची गरजच त्यामुळे पुढे ढकलली गेली.

पुढच्या वर्षी, २० एप्रिल १९६८ रोजी, त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन आणि कॅनेडियन विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं. ते ज्या शीर्षकानं पुढे गाजलं त्याला मराठीत सांगायचं तर 'चुलीत गेले तुमचे सद्हेतू'. बोलावणाऱ्यांच्याच तोंडावर ते म्हणाले की भाषेच्या बाबतीत तुम्ही इतके बहिरे-मुके आहात की गावकऱ्यांना तुमच्याबद्दल काय वाटतं हेही तुम्हाला कळत नाही. अशा स्थितीत स्वतःला त्यांच्यावर लादणं अन्याय आहे. गरिबांमध्ये काम करायचंच असेल तर जे तुम्हाला तुमच्याच भाषेत चालते व्हा म्हणू शकतील अशांमध्ये करा. मेक्सिकोत जरूर या. बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला येऊ नका.

या भाषणाचा उल्लेख बहुतेक वेळा स्वयंसेवेविरुद्धचं भाषण म्हणून होतो. भाषाशाळेच्या बाजूनं वाचलं तर ते वेगळं दिसतं. वर्षानुवर्षं परक्यांना स्पॅनिश बोलताना ऐकलेल्या, त्यांच्या चुका कुठे होतात हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. नकार कळण्यासाठी भाषा हवी, हेच त्यात पुन्हा येतं.

शाळेला याची किंमत मोजावी लागली. जून १९६८ मध्ये रोमनं इलिच यांना चौकशीसाठी बोलावलं. समोर ८५ प्रश्नांची यादी ठेवली गेली. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला. जानेवारी १९६९ मध्ये व्हॅटिकननं पाद्री आणि ननांना क्वेर्नावाकाच्या केंद्रात जायला बंदी केली. पुढे त्याच वर्षी ती सैल केली, पण तोवर इलिच यांनी पाद्री म्हणून करायची सार्वजनिक कामं सोडली होती.

आर्थिक हिशेबानं ही शाळा इथे बुडायला हवी होती. ज्यांच्या माणसांवर ती चालायची त्यांनीच दार बंद केलं होतं. ती बुडाली नाही, कारण १९६६ पासून तिनं रूप बदलायला सुरुवात केली होती. नाव झालं सेंत्रो इंतरकुल्तुराल दे दोकुमेंतासिओन, थोडक्यात सिदोक. ग्रंथालय, प्रकाशनं आणि चर्चासत्रं सुरू झाली. स्पॅनिशच्या वर्गांना आता चर्चने पाठवलेल्यांबरोबर स्वतःच्या मर्जीनं आलेले विद्यार्थी, शिक्षक, भटके लोकही येऊ लागले. त्यांच्या फीवर बाकीचं सगळं चालायचं. पाउलो फ्रेइरे, जॉन होल्ट, एव्हरेट राइमर असे शिक्षणावर नव्यानं विचार करणारे लोक तिथे येऊन बोलून गेले. मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम तर गावातच राहत होते. सिदोकवर लिहिणारे या मोठ्या नावांत रमतात. त्या चर्चांचं भाडं मात्र 'एस्तामोस कान्सादोस' घोकून घेणाऱ्या शिक्षकांच्या मेहनतीतून भरलं जात होतं, हे सांगायचं राहून जातं.

मला न पटलेल्या गोष्टी

इलिच यांच्या निदानाशी मी सहमत आहे, वागण्याशी पूर्णपणे नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या कामासाठी पैसा घेतला त्याच्या उलट दिशेनं शाळा चालवायची असेल तर ते देणाऱ्याला आधी सांगायला हवं. १९६७ चा लेख १९६१ मध्ये यायला हवा होता. तेव्हा आला असता तर शाळा उघडलीच नसती, हा युक्तिवाद मला कळतो. पण नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेकडे विश्वास हेच भांडवल असतं, आणि चांगल्या कारणासाठी वापरलं तरी ते खर्च होतंच.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. धोरण रोममध्ये ठरलं, पैसा न्यूयॉर्कमधून आला, आणि चटका बसला तो त्या वर्गातल्या चौथ्या खुर्चीवरच्या ननला. तिनं आज्ञापालनाची शपथ घेतलेली. 'जा' म्हटलं म्हणून ती आली. चार महिने तिला रोज जाणवून दिलं गेलं की तुझं येणं हाच प्रश्न आहे. परत जावं तर संघाला काय सांगायचं, पुढे जावं तर कोणत्या तोंडानं? शिकणाऱ्याला अस्वस्थ करणं हा शिक्षणाचा भाग आहे हे मान्य. पण ज्याच्या हातात निर्णय नाही त्याला निर्णयाच्या चुकीसाठी अस्वस्थ करणं वेगळं. चालकांनी तिच्याशी बोलण्याआधी तिला पाठवणाऱ्यांशी तेवढ्याच कडकपणे बोलायला हवं होतं.

आणि १९६८ च्या भाषणात एका माणसाला जागाच नाही : ज्याला गावानं बोलावलंय. भाषा शिकून, दहा-दहा वर्षं एका ठिकाणी राहून, तिथल्या लोकांच्या लढ्यात त्यांच्या मागे उभे राहिलेले परदेशीही लॅटिन अमेरिकेत होते. त्यांना आणि सहा आठवड्यांच्या सुट्टीवाल्यांना एकाच चुलीत घालणं बरोबर नाही. आमंत्रण आहे का, कुणाचं आहे, आणि ते मागे घेता येतं का, हे शाळेनं विचारायचे प्रश्न आहेत. दुपारची स्वयंसेवा वेळापत्रकात आधी छापायची आणि मग तिच्यासाठी वस्ती शोधायची, हा क्रम उलटा आहे.

१ एप्रिल १९७६

सिदोक बंद पडलं नाही, बंद केलं गेलं. बाहेरून विद्यापीठीय मंडळींचा ओघ वाढत होता, आणि ज्या ठरीव संस्थांवर इथे टीका व्हायची तशीच ही एक संस्था होऊन बसेल अशी इलिच यांना धास्ती होती. सहकाऱ्यांशी बोलून, त्यांच्या संमतीनं, केंद्राला दहा वर्षं पूर्ण होताना १ एप्रिल १९७६ ला दार लावायचं ठरलं, आणि तसं झालं. यश मिळत असताना संस्था मिटवणं सोपं नसतं. विशेषतः तिच्यावर कित्येक घरांच्या चुली पेटत असताना.

इलिच पुढे लिहीत, फिरत, शिकवत राहिले. २००२ मध्ये ब्रेमेनला वारले. पंधरा वर्षं परक्यांना स्पॅनिश शिकवत आलेल्या क्वेर्नावाकाच्या माणसांकडे मात्र एक पक्की विद्या उरली होती. तिच्यासाठी कुठल्या स्वयंसेवकानं येऊन विटा रचल्या नव्हत्या; ती त्यांच्या स्वतःच्या भाषेची होती, आणि शिकणारा तिचे पैसे मोजत होता. सिदोकमधल्या काही जणांनी गावातच आपापल्या भाषाशाळा चालवल्या. त्यांतल्या काही पुढे कित्येक वर्षं चालल्या आणि क्वेर्नावाका स्पॅनिश शिकायला जायचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. विद्यार्थी उत्तरेकडूनच येत राहिले, चूक दुरुस्त करणारा आवाज गावातल्याच कुणाचा तरी असायचा, आणि वर्ग आता त्याच्या मालकीचा होता.